वेरूळचा दिवस आणि विसावा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेरूळची 34 लेणी डोंगराच्या कड्यात सुमारे दोन किलोमीटर पसरली आहेत: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. बहुतेक प्रवासी ती एकाच दिवसात पाहतात आणि घृष्णेश्वराचे दर्शनही त्याच दिवशी उरकतात. अशा भरगच्च दिवसातल्या विसाव्याविषयी पुढील गैरसमज आढळतात.

गैरसमज: थांबले की पाहायचे राहून जाते.
वस्तुस्थिती: उन्हातून लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात, पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटे. विश्वकर्मा लेण्यात (क्र. 10) नुसते डोकावून परतणाऱ्याला स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीचा जेमतेम आकार दिसतो. तिथेच पाच-दहा मिनिटे शांत थांबले, तर लाकडी फासळ्यांसारखे कोरलेले छतही हळूहळू उलगडू लागते. इथे थांबणे हा पाहण्याचाच भाग आहे.

गैरसमज: पाय दुखू लागल्यावरच बसावे.
वस्तुस्थिती: पायांआधी बहुधा लक्ष थकते. नॉर्मन मॅकवर्थ यांच्या 1948 च्या प्रयोगात, सलग लक्ष ठेवणाऱ्यांच्या चुका अर्ध्या तासानंतर वाढल्या. वस्तुसंग्रहालय पाहताना येणाऱ्या थकव्यावर बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच लिहिले होते. वाकून, मान ताणून पाहणे हे त्यांना त्याचे मोठे कारण वाटले. कैलास लेण्यात मान सतत वरच असते. म्हणून दर दोन-तीन लेण्यांनंतर सावलीत बसावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

गैरसमज: मोबाइल पाहत बसणे म्हणजे विश्रांती.
वस्तुस्थिती: पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि नजर जवळच खिळून राहते. डोळ्यांना आराम मिळतो तो दूरच्या झाडांकडे, डोंगराकडे पाहिल्याने. काढलेले फोटो घरी गेल्यावर पाहता येतात.

गैरसमज: चहा घेतला की थकवा जातो.
वस्तुस्थिती: चहातले कॅफिन मेंदूला मिळणारा झोपेचा संकेत अडवते. पेंग तात्पुरती दबते, झोपेची उणीव मात्र भरून निघत नाही.

गैरसमज: दुपारची डुलकी म्हणजे आळस.
वस्तुस्थिती: दुपारी येणारी सुस्ती शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे, ती जेवण न करताही येते. 15-20 मिनिटांची डुलकी तरतरी आणते. त्याहून लांबली, तर उठल्यावर काही काळ जडपणा जाणवू शकतो. परतीची गाडी चालवणाऱ्याला तर ही डुलकी मिळायलाच हवी.

गैरसमज: कामाच्या वेळातली विश्रांती ही मेहेरबानी.
वस्तुस्थिती: नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1884 मध्येच आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. लेण्यांपाशी दिवसभर उभे राहणारे मार्गदर्शक, पहारेकरी आणि सफाई कामगार यांच्या शरीराची गरजही तीच आहे.