सहा पायऱ्यांचा पिन कोड

गोष्ट गेल्या वर्षीची आहे. आमच्या कॉलेजातला प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी संध्याकाळी प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवरून भरायचा होता आणि मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. नाव, गुण, बँकेचे खाते, सारे भरून झाले होते. गाडी अडली होती ती पिन कोडच्या चौकटीपाशी. तो सहा अंक भरी आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटत : ‘पिन कोड चुकीचा आहे.’ दोन दिवस हेच चालले होते. गावच्या पोस्टात जाऊन तो पिन कोड पडताळूनही आला होता, आणि तो अगदी बरोबर होता!

मीही ते अंक तीनदा तपासले. मग माझे लक्ष मोबाईलच्या कळफलकाकडे गेले. कळफलक मराठी होता आणि अंक देवनागरीत उमटत होते. तेच सहा अंक इंग्रजी कळफलकावरून भरले आणि अर्ज मुकाट्याने पुढे सरकला.

आता तुम्ही विचाराल, ४ हा अंक कोणत्याही लिपीत लिहिला तरी चारच ना? तुमच्या-माझ्या दृष्टीने होय. पण संगणक अंकाचा अर्थ पाहत नाही; तो अक्षराचा सांकेतिक क्रमांक पाहतो. इंग्रजी चाराचा क्रमांक ५२ आहे, तर देवनागरी चाराचा २४१०. त्या अर्जामागे कोणीतरी एक ‘नमुना’ लिहून ठेवला होता, आणि त्यात देवनागरी अंकांना जागाच नव्हती.

नमुना म्हणजे काय?

आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यात सहा अंक असतात. पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो. महाराष्ट्र आणि गोवा ४ या अंकाच्या विभागात येतात. पहिला अंक शून्य कधीच नसतो. उरलेले पाच अंक शून्य ते नऊ यांपैकी कोणतेही असू शकतात. हाच नियम थोडक्यात असा लिहितात :

[१-९][०-९][०-९][०-९][०-९][०-९]

प्रत्येक चौकटी कंस म्हणजे एका अक्षराची जागा. कंसात जे दिले असेल त्यांपैकी कोणतेही एकच अक्षर त्या जागी चालते. अशा लेखनाला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. त्यात आणखीही काही खुणा असतात. एखाद्या अक्षरापुढे ? लिहिले तर ते अक्षर एकदा असेल किंवा नसेलही. + लिहिले तर ते निदान एकदा असलेच पाहिजे. * लिहिले तर ते एकदाही नसेल किंवा कितीही वेळा असेल.

या ताऱ्याला ‘क्लेनी तारा’ म्हणतात. अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि त्यांचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की ते मजकूर शोधण्याचा विचार करीतच नव्हते! मॅकलक आणि पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रारूप मांडले होते. असे जाळे काय काय ओळखू शकेल, हा क्लेनींपुढचा प्रश्न होता. त्यांनी सिद्ध केले, की जे काही अशा नमुन्यात लिहिता येते, ते मोजक्याच ‘अवस्था’ असलेले यंत्र ओळखू शकते. आणि असे यंत्र जे ओळखते, ते नमुन्यात लिहिता येते. पुढे १९६८ साली केन थॉम्प्सन यांनी हीच कल्पना संगणकावर मजकूर शोधण्यासाठी वापरून दाखवली.

चला, जिना बांधू या

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत ‘स्क्रॅच’ वापरले असेल. एम.आय.टी.च्या मीडिया लॅबने २००७ साली ते सर्वांसाठी खुले केले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार होते. पण त्याच्या मूळ ठोकळ्यांत रेग्युलर एक्स्प्रेशनचा ठोकळा नाही. काही बिघडत नाही! क्लेनींच्या सिद्धांतानुसार आपण यंत्रच बांधू.

एक जिना डोळ्यांसमोर आणा. खाली जमीन, म्हणजे पायरी ०. वर सहा पायऱ्या. पिन कोडातले एकेक अक्षर डावीकडून वाचायचे. योग्य अक्षर आले की एक पायरी चढायची. अयोग्य आले की थेट खड्ड्यात, आणि खड्ड्यातून वर येणे नाही. खड्ड्याला आपण ९९ हा क्रमांक देऊ. सारी अक्षरे संपल्यावर आपण नेमके सहाव्या पायरीवर असलो, तर पिन कोड नमुन्यात बसला.

‘पायरी’, ‘क्रम’ आणि ‘अक्षर’ असे तीन चल तयार करा. मग ठोकळे असे जोडा :

१. पिन कोड विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

२. ‘पायरी’ला ० आणि ‘क्रम’ला १ ही किंमत द्या.

३. उत्तराची जितकी लांबी, तितक्या वेळा पुढील कृती करा : उत्तरातले ‘क्रम’ क्रमांकाचे अक्षर ‘अक्षर’मध्ये ठेवा. पायरी ० असेल आणि १२३४५६७८९ या मजकुरात ते अक्षर असेल, तर पायरी १ करा. नाही तर, पायरी ० पेक्षा मोठी व ६ पेक्षा लहान असेल आणि ०१२३४५६७८९ मध्ये ते अक्षर असेल, तर पायरी १ ने वाढवा. नाही तर पायरी ९९ करा. शेवटी ‘क्रम’ १ ने वाढवा.

४. पायरी ६ असेल तर ‘बरोबर’ म्हणा, नाही तर ‘चूक’.

येथे अंक देवनागरीत छापले आहेत. तुम्ही मात्र ठोकळ्यांत प्रथम इंग्रजी अंकच भरा. ‘मजकुरात हे अक्षर आहे का’ हे तपासणारा ठोकळा हिरव्या गटात सापडेल.

आता ४००००१ हा मुंबईचा पिन कोड द्या. ४ मुळे पायरी १, मग चार शून्यांनी पायरी ५, शेवटच्या १ ने पायरी ६. बरोबर! ०४०००१ दिला तर पहिल्याच शून्याला आपण खड्ड्यात. सात अंक दिले तर? सहाव्या पायरीवरून सातवे अक्षर खड्ड्यात ढकलते.

एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? उत्तर ९९९९९ पेक्षा मोठे आणि १०००००० पेक्षा लहान आहे का, एवढेच पाहावे. मग १२३४५६.७ भरून पाहा! तोही त्या कसोटीला उतरतो. पिन कोड दिसतो संख्येसारखा, पण त्याची ना बेरीज करायची असते ना वजाबाकी. म्हणून तो अक्षरे म्हणूनच वाचला पाहिजे.

लक्षात घ्या, या यंत्राला मागची अक्षरे आठवत नाहीत. आपण कोणत्या पायरीवर आहोत, एवढेच त्याला ठाऊक असते. हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा. जितके कंस उघडले तितकेच बंद झाले का, हे कितीही कंसांसाठी तपासायचे असेल, तर मोजक्या पायऱ्या पुरणार नाहीत. शिवाय नमुना फक्त आकार तपासतो. सहा अंक जिन्यावर चढले म्हणून त्या क्रमांकाचे पोस्ट असेलच असे नाही.

दार कोणासाठी उघडे?

आता आपल्या यंत्राला देवनागरी अंक द्या. ते त्या विद्यार्थ्याला खड्ड्यात ढकलील! दुरुस्ती किती सोपी आहे पाहा : दोन्ही मजकुरांत देवनागरी अंकही लिहा. एका मिनिटाचे काम. पण ते कोणी केले नव्हते, म्हणून एका मुलाचे दोन दिवस गेले आणि शिष्यवृत्तीही जाण्याची वेळ आली. आज्ञावली लिहिणाऱ्याने चुकीचे उत्तर अडवले जाते का, हे तपासले असेल. बरोबर उत्तर विनाकारण अडत नाही ना, हे पाहायचे राहून गेले. तुम्ही दोन्ही पाहा.

शेवटी तुमच्यासाठी दोन प्रश्न. पहिला : पुष्कळ जण पिन कोड ४०० ००१ असा मध्ये जागा सोडून लिहितात. तिसऱ्या पायरीवर असताना रिकामी जागा आली तर तेथेच थांबायचे, असा बदल करा. हा बदल ? या खुणेसारखा झाला की * सारखा? मध्ये तीन-चार जागा सोडून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. मग दुसऱ्या खुणेसारखा जिना कसा बांधाल? दुसरा : स्क्रॅचमधल्या लांबीच्या ठोकळ्याला ‘मराठी’ हा शब्द द्या. आपण तीन अक्षरे मोजतो. ठोकळा पाच सांगतो. असे का? काना आणि वेलांटी कोठे गेली, याचा विचार करा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा.