दोनशे सेकंदांच्या गाण्याची तयारी

आपल्या संघाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी आवक-जावक, बाजार समितीचे नियम, करआकारणी आणि साठवणूक या विषयांवर लेख येत असतात, आणि तसे ते यावयासही हवेत. यंदा मात्र आम्ही ज्या विषयावर लेखणी उचलीत आहोत, तो पाहून कित्येक वाचकबंधूंना नवल वाटेल. विषय आहे विद्यार्थ्यांनी करावयाच्या गीतचित्रणाचा. म्हणजे मुले ज्यास ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात त्याचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, साठी उलटलेल्या धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, सन २०२४ च्या ऑक्टोबरात येथील नऊ विद्यार्थ्यांनी संघाच्या शिक्षणनिधीतून चाळीस हजार रुपयांचे साहाय्य मागितले, आणि तो अर्ज तपासण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले.

कार्यकारिणीत मतभेद होता, हे लपविण्याचे कारण नाही. शिक्षणनिधी हा फी आणि पुस्तके यांसाठी आहे, गाण्याबजावण्यासाठी नव्हे, असे दोघा ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. आमचे मत निराळे होते. चित्रण, ध्वनी व संकलन ही आज पोट भरण्याची विद्या झाली आहे, आणि आपल्या वसतिगृहातील मुले तिकडे वळत असतील तर ती वाट आपणांस ठाऊक नाही एवढ्यावरून अडविणे रास्त नव्हे. परंतु अर्जात हिशेब म्हणून जे जोडले होते, ते आम्हांसही पसंत पडण्यासारखे नव्हते. कॅमेऱ्याचे भाडे आणि ड्रोनचे भाडे, एवढ्या दोन ओळी व खाली बेरीज! गाणे कोणते, ते कोठे चित्रित होणार, किती दिवस लागणार, याचा पत्ता नाही. आम्ही मुलांस दुकानी बोलाविले व सांगितले की, पैशाचा प्रश्न मागाहून. आधी तयारी दाखवा. त्यापुढील दोन महिन्यांत जे पाहिले व शिकलो, ते येथे मांडीत आहोत.

आधी गाणे आणि मग चित्र, हा क्रम आपल्याकडे जुना आहे. न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ या १९३५ सालच्या चित्रपटापासून पार्श्वगायनाची पद्धत रुळली. गाणे अगोदर मुद्रित करावयाचे, आणि चित्रणाच्या वेळी ते वाजवून नटाने त्यावर ओठ हलवावयाचे. पाश्चात्त्य देशांत केवळ गाण्यासाठी चित्रफीत करण्याचा बोलबाला १९७५ साली ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ने झाला, आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी निघाल्यावर त्याचा स्वतंत्र धंदाच झाला. आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मात्र १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हेच असेल. त्याचा पहिला स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा. गदगचे म्हणून आम्हां सीमाभागातील लोकांना त्यांचे विशेष अगत्य.

मुलांनी प्रथम एक गाजलेले चित्रपटगीत निवडले होते. तेथेच त्यांना थांबवावे लागले. एका गाण्यात किमान तीन मालक असतात: शब्दांचा एक, चालीचा दुसरा आणि मुद्रणाचा तिसरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. मुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. महाविद्यालयाच्या सभागृहात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे गाणे सादर करण्यास कायदा मोकळीक देतो. पण तेच चित्रफीत करून यूट्यूबवर ठेवले की ती मोकळीक उरत नाही. मग एकाने सुचविले की, तुकोबांचा अभंग घेऊ, तो तर कोणाच्या मालकीचा नाही. शब्दांपुरते हे खरेच आहे. परंतु ज्या चालीवर आपण तो ऐकतो ती चाल अलीकडच्या एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि ती ध्वनिमुद्रिका तर कंपनीची असतेच. बारदान आपले असले म्हणून आतील माल आपला होत नाही. अखेर मुलांनी स्वतःच गीत रचले व चाल लाविली. चमूतील एका मुलीने आपल्या वडिलांच्या दिवसावर ते लिहिले. ते वडील आमच्याच वखारीत तीस वर्षे हमाली करीत आहेत. त्यांची गोष्ट पुढे येईल.

गाणे मुद्रित झाल्यावर ते मोजावयाचे. हा भाग आम्हांस सर्वांत रुचला, कारण येथे सगळे मापाचे काम आहे. गाणे केहरव्यात, मिनिटास १२० मात्रांच्या लयीत, आणि लांबी ३ मिनिटे २० सेकंद. म्हणजे २०० सेकंद, ४०० मात्रा. आठ मात्रांचे एक आवर्तन धरल्यास ५० आवर्तने, प्रत्येक ४ सेकंदांचे. मुलांनी एका मोठ्या कागदावर पन्नास चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात त्या चार सेकंदांत काय दिसणार याचे ओबडधोबड रेखाचित्र, आणि खाली मुखडा, अंतरा की मध्यसंगीत याची नोंद. यासच स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रे सुंदर असण्याची गरज नसते. माणूस कोणत्या बाजूस उभा आहे व कॅमेरा जवळ की दूर, एवढे कळले की पुरे.

तो कागद भिंतीवर लागताच वेळेचा हिशेब आपोआप निघाला. प्रत्येक दृश्यासाठी कॅमेरा हलविणे, प्रकाश लावणे व तालीम यांस पंधरा मिनिटे धरली, तरी पन्नास दृश्यांस ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास होतात. मुले तर सर्व काम एका दिवसात उरकण्याच्या गोष्टी करीत होती! दोन दिवस ठरले. शिवाय दृश्ये गाण्याच्या क्रमाने घ्यावयाची नसतात, तर जागेच्या क्रमाने घ्यावयाची असतात. वखारीच्या दारातील सर्व दृश्ये एकदम, गल्लीतील सर्व एकदम. गाडी एकदा लागली की त्या पेठेतील सर्व दुकानांचा माल उतरवून घ्यावा, तसेच हे आहे. आणि गायिकेचे संपूर्ण गाणे प्रथम तीन-चार निरनिराळ्या अंगांनी सलग घेऊन ठेवावयाचे. मागाहून एखादे दृश्य फसले तरी संकलनाच्या वेळी भरण्यास काही हाती असते.

ओठ जुळण्याची गोम मुलांनी तालमीत शोधून काढली. गाण्यापूर्वी चार ठोके मुद्रित करून ठेवावयाचे, म्हणजे गाणारास सुरुवात कळते. ध्वनिक्षेपक मोठा हवा; आणि गायिकेने केवळ ओठ हलवून भागत नाही, खऱ्या आवाजात गावे लागते, नाही तर गळ्याची शीर हालत नाही आणि पाहणाऱ्यास लबाडी कळते. एके ठिकाणी त्यांना धान्य संथपणे खाली पडताना व मागे गायिका बरोबर तालात गाताना दाखवावयाचे होते. त्याची युक्ती अशी: गाणे दुप्पट वेगाने वाजवावयाचे, गायिकेने त्याच वेगाने गावयाचे, कॅमेरा सेकंदास पंचवीसऐवजी पन्नास चित्रे टिपणार. मग ते निम्म्या गतीने दाखविले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि ज्वारीचे दाणे तरंगत येतात. आमच्या दिवाणजींना हे समजण्यास दोन दिवस लागले, पण समजल्यावर तेच इतरांस समजावून सांगू लागले.

जागेविषयी मात्र आम्ही कठोर राहिलो. मुलांना वखारीत धूर सोडावयाचा होता आणि थपीवर चढून नाचावयाचे होते. दोन्हींस नकार दिला. धान्याची बारीक धूळ हवेत दाटली असता ठिणगीने भडका उडतो, आणि तागाची पोती तर पेटण्यास टपलेलीच असतात. थपी ढासळली तर पन्नास किलोचे पोते कोणाचा जीव घेण्यास पुरेसे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट औषधाची. कीड मारण्यासाठी आपण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. वखार केव्हा धुपविली, केव्हा उघडली, हवा किती दिवस खेळली, हे पाहूनच आम्ही चित्रणाची तारीख दिली. आपल्यापैकी कोणी मुलांस वखार देणार असेल तर ही नोंद तपासल्याखेरीज किल्ली देऊ नये.

आता त्या संमतीची गोष्ट. चित्रात जो दिसेल त्याची लेखी संमती घ्यावयाची, असे ठरले होते. मुलांनी संमतिपत्र इंग्रजीत आणले. आम्ही ते मराठीत व कानडीत करविले, कारण आमच्या हमालांपैकी कित्येकांना कानडी वाचता येते, इंग्रजी कोणासच नाही. सर्वांच्या सह्या आल्या. गीत लिहिणाऱ्या मुलीच्या वडिलांचाच कागद कोरा. घरच्यांना काय विचारायचे, असे तिला वाटले. आम्ही म्हटले, “बाळ, विचारावयाचे आधी त्यांनाच.” तिने विचारले. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुकानी आले आणि म्हणाले, “अण्णा, माझी पाठ पोरीच्या कॉलेजात दाखवू नका. पोतं उचलतो ते ती तिथं जावी म्हणून. तिथं परत माझं पोतं कशाला?”

पन्नास चौकोनांपैकी अकरांत त्यांची ओझे वाहणारी पाठ होती. ती काढली तर गाण्यात राहिले काय, असे दिग्दर्शन करणारा मुलगा तळमळून म्हणाला. दुसऱ्या कोणा हमालाची पाठ घेऊ, म्हणजे कोणास कळणार नाही, असेही एकाने सुचविले. मुलगी गप्प बसून होती. आम्ही एवढेच म्हणालो की, ज्याच्या मालाची चिठ्ठी नाही तो माल गाडीत चढत नाही. बाकी तुमचे तुम्ही ठरवा. वाद तासभर चालला. अखेर ती मुलगीच म्हणाली की, काय दाखवू नये ते बाबांनी सांगितले. काय दाखवावे हे आपण विचारलेच नाही. संध्याकाळी ती ते विचारून आली. पोत्याचे तोंड दाभणाने व सुतळीने शिवण्यात त्यांचा हात आमच्या वखारीत कोणी धरीत नाही. ते शिवणारे हात खुशाल दाखवा, असे त्यांनी सांगितले. अकराही चौकोन खोडून पुन्हा काढले गेले, आणि कागदावर त्यांची सही आली. आमच्या दृष्टीने नवे चौकोन पहिल्यापेक्षा सरस होते, परंतु ते तसे नसते तरीही बदलावेच लागले असते. हे सर्व कागदावर घडले म्हणून बरे. चित्रणाच्या सकाळी वीस माणसांपुढे घडते, तर त्या माणसास नाही म्हणण्याचा धीर झाला नसता.

दिवस डिसेंबरातील दोन रविवारांचे नेमले. पावसाळ्यात बेळगावात उघडीप मिळण्याचा भरवसा नाही. येथे एक घरगुती अडचण उभी राहिली. चित्रणास सर्वांत सुंदर प्रकाश सूर्यास्तापूर्वीच्या तासाचा, आणि आपल्या मुलांच्या जेवणाची वेळही तीच! डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेवटी साडेचारास सर्वांचे जेवण आटोपावयाचे व पाच ते सहा गल्लीतील दृश्ये घ्यावयाची, असे वेळापत्रकात लिहिले गेले. जेवणाची वेळ लिहिलेली नसली की दुपारनंतर चमूत भांडणे होतात, असे मुलांचे शिक्षक सांगत होते, आणि ते पटण्यासारखे आहे.

किल्ल्यातील कमल बस्तीत एक दृश्य घ्यावे, अशी काहींची इच्छा होती. १२०४ सालची ती बस्ती, तिच्या छतावरील ते दगडी कमळ, कोणास मोह होणार नाही? पण ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. चित्रणास अगोदर परवानगी लागते आणि तेवढा अवधी नव्हता. ड्रोनचेही तसेच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे भाग पाडलेले आहेत. आपल्या गावात लष्करी छावणी, सांबऱ्यास विमानतळ. तेव्हा तो नाद सोडला, आणि त्यासरशी अर्जातील एक मोठी रक्कमही सुटली.

सुधारलेला अंदाज साडेतेवीस हजारांचा आला. कॅमेरा चमूतील एकाच्या काकांकडून मिळाला. वाचलेले पैसे ध्वनिमुद्रणाकडे, दिव्यांकडे आणि हमालांच्या दोन अर्ध्या दिवसांच्या मजुरीकडे वळविले. हौसेच्या कामात गरिबाचा वेळ फुकट धरण्याची रीत आम्हांस मान्य नाही. एकूण रकमेचा दशांश अडीअडचणीसाठी राखून ठेविला. चित्रणाच्या साठ्याचाही हिशेब केला होता: सेकंदास शंभर मेगाबिट या दराने संपूर्ण गाणे एकदा टिपले की अडीच गिगाबाइट जागा लागते. तीस वेळा टिपल्यास पंचाहत्तर. रोज रात्री त्याच्या दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरी ठेवावयाच्या, ही जबाबदारी वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीवर होती, आणि तिने किर्दीप्रमाणे वही ठेविली.

कार्यकारिणीने रक्कम एकमताने मंजूर केली. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकांनी तर पन्नास चौकोनांचा तो कागद बराच वेळ उभे राहून पाहिला. चित्रण दोन दिवसांत पुरे झाले. खर्च वजा जाता साडेतेराशे रुपये पावत्यांसह परत आले. पैकी चहाच्या एका पावतीवर सही नाही. ती दिवाणजींनी अद्याप बाजूस ठेविली आहे.

तो स्टोरीबोर्ड, वेळापत्रक, खर्चाचा तक्ता आणि मराठी व कानडी संमतिपत्रांचे कोरे नमुने आमच्या दुकानी आहेत. सभासदांपैकी कोणाच्या मुलामुलींना असे काम हाती घ्यावयाचे असेल तर त्यांनी दुपारी तीननंतर यावे. गाडी भरण्याचे काम चालू असेल तर थोडे थांबावे लागेल.