सरोगेट मातेची तपासणी : काय बघतात आणि कोणासाठी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण टेस्ट ट्यूब बेबीची प्रक्रिया पाहिली. आज त्याच्याच पुढचा विषय घेऊ. दुसऱ्या जोडप्याचं मूल आपल्या पोटात वाढवायला जी बाई तयार होते, तिला आम्ही डॉक्टर नेमकं काय तपासतो?

आधी कायदा थोडक्यात. 'मला आई व्हायचंय!' हा मराठी सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो काळ पैसे घेऊन होणाऱ्या सरोगसीचा होता, आता ती गुन्हा आहे. २०२१ चा सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. सरोगेट होणाऱ्या बाईचं लग्न झालेलं असावं, तिला स्वतःचं मूल असावं, गर्भ रोपणाच्या दिवशी तिचं वय २५ ते ३५ असावं, आणि हे आयुष्यात एकदाच करता येतं. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही. वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा मिळतो, मोबदला मिळत नाही. शिवाय ती शरीराने आणि मनाने सक्षम असल्याचं प्रमाणपत्र लागतं.

स्वतःचं मूल असण्याची अट लोकांना सामाजिक वाटते. आम्हाला मात्र त्यात वैद्यकीय शहाणपण दिसतं. बाईचं शरीर गरोदरपण कसं सोसतं, हे सांगणारी तिच्या आधीच्या बाळंतपणाइतकी चांगली तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. म्हणून आम्ही पहिल्यांदा जुनी फाईल मागतो. तेव्हा रक्तदाब वाढला होता का? झटके आले होते का? साखर वाढली होती? बाळंतपणानंतर रक्त खूप गेलं, बाटल्या चढवाव्या लागल्या? सिझर किती झाली? दोन-तीन सिझर झालेल्या गर्भाशयात वार जुन्या टाक्यांच्या जागी खोल रुतून बसण्याचा धोका असतो, आणि मग प्रसूतीत गर्भाशय काढण्याची वेळ येऊ शकते. फाईल हरवली असेल तर घाई न करता जिथे बाळंतपण झालं तिथून कागद मागवायचे. "सगळं नॉर्मल होतं हो डॉक्टर," एवढ्यावर भागत नाही.

मग अंगावरची तपासणी. वजन, रक्तदाब, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन. स्टेथोस्कोप लावून हृदय नीट ऐकणं हे साधं काम घाईत राहून जातं. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली असली, तर ते कित्येकदा गरोदरपणातच धाप लागल्यावर कळतं. सोनोग्राफीत गर्भाशयातल्या गाठी आणि अस्तर बघतो. आपल्याकडे अस्तराच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो, कारण तो काही लक्षण न दाखवता दडून राहतो. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस द्यायची आणि पुढे किमान महिनाभर थांबायचं.

इथे एक शंका नेहमी येते : हिचे गुण बाळात उतरतील का? नाही. बीज तिचं नसतं. तिला थॅलेसेमिया मायनर असला तरी तो बाळाकडे जात नाही. तिचं रक्त कमी असेल तर मात्र त्रास तिलाच होणार, म्हणून ते बघायचं.

संसर्गाच्या बाबतीत मात्र रस्ता दुहेरी आहे, आणि हे लोक विसरतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या चाचण्या तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या होतात. पण गर्भ कुठून येतोय? त्या जोडप्याकडून. म्हणजे त्यांच्याही झाल्या पाहिजेत. लागण नुकतीच झालेली असेल तर पहिली चाचणी ती चुकवू शकते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा करायच्या. एचआयव्हीची चाचणी तिच्या संमतीशिवाय होत नाही, आणि रिपोर्ट आधी तिच्या हातात जातो, जोडप्याच्या नाही.

एवढं कसून कशासाठी? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच बाळ असलेल्या प्रसूतींमध्ये आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये ४.३ टक्के, आणि सरोगेट मातांमध्ये ७.८ टक्के आढळलं. जास्त रक्तस्राव आणि तीव्र रक्तदाब ही त्यातली ठळक कारणं. आपल्या नियमांनी एका वेळी साधारणपणे एकच गर्भ सोडायला सांगितलंय, ते म्हणूनच. "जुळी झाली तर बरंच की," म्हणणाऱ्या जोडप्याला आम्ही स्पष्ट सांगतो, धोका तुमच्या अंगावर नाहीये.

आता मनाची तपासणी. आमच्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. पैसे नाहीत म्हटल्यावर पुढे कोण येतं? बहुतेक वेळा घरातलीच कुणीतरी. धाकटी जाऊ, नणंद, मामेबहीण. सोबत सासूबाई असतात, आणि त्याच बोलतात : "तिची काही हरकत नाही." म्हणून सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलायचं. आधीच्या बाळंतपणानंतर मन खचलं होतं का? स्वतःच्या मुलाला काय सांगणार? बाळ हातातून गेल्यावर दूध येईल, तेव्हा सोबत कोण असेल? आणि एक प्रश्न अगदी सरळ : "नाही म्हणालीस तर घरी काय होईल?"

या प्रश्नावर डोळे भरून आले, तर हिमोग्लोबिन साडेबारा असून काय उपयोग? किडनी देणाऱ्या नातेवाइकांच्या बाबतीत डॉक्टर एक वाट ठेवतात, तीच इथे लागू पडते. घरच्यांना इतकंच सांगायचं, "या सरोगसीसाठी योग्य नाहीत." कारण सांगायचं नाही, कितीही खोदून विचारलं तरी. नकाराचं ओझं डॉक्टरने उचलायचं, म्हणजे तिला त्याच घरात नीट नांदता येईल. काही जण याला लपवाछपवी म्हणतील. पण दडपणाखाली दिलेला होकार हीसुद्धा अपात्रताच आहे. आम्ही खोटं काहीच बोलत नाही.

संमतिपत्र तिला कळणाऱ्या भाषेत असावं लागतं आणि गर्भ रोपण होईपर्यंत तिला ते मागे घेता येतं. म्हणून रोपणाच्या दिवशी सकाळी, टेबलावर घेण्याआधी, तिला एकटीला पुन्हा विचारायचं. तोवर औषधं झालेली असतात, खर्च झालेला असतो, जोडपं बाहेर बाकावर बसलेलं असतं. तरीही विचारायचं, आणि ती थांबा म्हणाली तर थांबायचं.