उन्हाळ्यातील किनारा आणि मासेमारीचे वेळापत्रक

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या शाळांत 'भरती व ओहोटी' हा पाठ शिकविला जातो, तेव्हा एक प्रकार हमखास अनुभवास येतो. शिक्षक फळ्यावर सूर्य, चंद्र व पृथ्वी यांची आकृती काढतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी काढून दाखवितात. परंतु उद्या गावच्या खाडीत भरती किती वाजता येईल, असे विचारले असता तीच मुले गप्प बसतात. उत्तर देतो तो मागच्या रांगेतील, एरवी अभ्यासात मंद समजला जाणारा मच्छीमाराचा मुलगा. त्याचे उत्तर बहुधा बरोबर असते. ते का बरोबर आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. एकाजवळ कारण आहे पण उपयोग नाही. दुसऱ्याजवळ उपयोग आहे पण कारण नाही. या दोहोंची सांगड घालणे हे शाळेचे काम होय, आणि त्यासाठी फाल्गुन ते वैशाख या काळातील किनाऱ्याजवळची मासेमारी हे उत्तम साधन आहे.

उन्हाळ्यातील समुद्र वरवर पाहता सर्वांत शांत दिसतो. पावसाळ्यातील लाटा नसतात, थंडीतील धुके नसते, आकाश निरभ्र असते. तरीही अनुभवी मच्छीमार या दिवसांत वाटेल तेव्हा होडी लोटीत नाही. त्याचे काम तीन घड्याळांवर चालते. पहिले पंधरवड्याचे, म्हणजे भरती-ओहोटीचे. दुसरे दिवसाचे, म्हणजे वाऱ्याचे. आणि तिसरे वर्षाचे, म्हणजे ऋतूचे.

तिथी आणि पाणी

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यावरून एक सोपा हिशेब रूढ झालेला आहे. तिथीच्या अंकास ३ ने गुणावे व ४ ने भागावे. येणारी संख्या ही पूर्ण भरतीची साधारण वेळ होय. चतुर्थीस ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. म्हणून दुपारी व रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमेस व अमावास्येस पंधरा हा अंक धरावा. उत्तर सव्वाअकरा येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब स्थूल आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. छापील तक्त्याशी तो ताडून पाहणे हाच चौथीच्या वर्गासाठी गणिताचा एक जिवंत पाठ ठरेल.

अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, पाणी पुष्कळ चढते व पुष्कळ उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही आकर्षणे परस्परांना काटकोनात असतात, पाण्याची हालचाल मंदावते. यास भांग म्हणतात. आता वरील हिशेब पुन्हा पाहिला असता एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. उधाणाची भरती जर दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येत असेल, तर उधाणाची खोल ओहोटी नेहमी पहाटे व सायंकाळीच येणार. म्हणूनच अमावास्या-पौर्णिमेच्या पहाटे किनाऱ्यावरील स्त्रिया टोपल्या व कोयते घेऊन खडकांवर उतरतात आणि एरवी पाण्याखाली असणारी कालवे फोडून आणतात. खाडीच्या वाळूत तिसऱ्या व चिखलात मुळे शोधतात. ही वेळ त्यांनी सोयीसाठी निवडलेली नाही. ती चंद्राने ठरवून दिलेली आहे.

जाळ्यांची निवडही याच घड्याळावर होते. उत्तर कोकणात व काही खाड्यांच्या मुखाशी लावले जाणारे डोल जाळे हे पिशवीच्या आकाराचे असून खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडी उभे केले जाते. ते माशाच्या मागे जात नाही; प्रवाहच मासा त्यात आणून सोडतो. साहजिकच उधाणाचा जोरदार प्रवाह त्यास मानवतो, आणि पाणी उलटण्यापूर्वी ते उचलावे लागते. उलट गळाने मासे धरणाऱ्यास भांगाचे दिवस बरे वाटतात, कारण मंद पाण्यात दोरी वाहून जात नाही. माशाला कल्ल्यांत अडकविणारे जाळे स्वच्छ पाण्यात माशास दिसते. म्हणून ते बहुधा रात्री, आणि शक्य तो काळोख्या रात्री टाकतात.

सकाळचा वारा, दुपारचा वारा

दुसरे घड्याळ वाऱ्याचे. रात्री जमीन लवकर थंड होते व समुद्र उबदार राहतो. त्यामुळे उत्तररात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे होत. दिवसा जमीन तापते आणि दुपारी वारा समुद्राकडून येऊ लागतो. हे खारे वारे होत. शिडाच्या होड्यांच्या काळी मच्छीमार पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत व दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. एकाच दिवसात निसर्ग जाण्याची व येण्याची अशी दोन्ही सोय करून देई. आता होड्यांना यंत्रे आली. तथापि वाऱ्याचे महत्त्व संपलेले नाही. मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि किनाऱ्याजवळ आखूड, उभ्या लाटा उठवितो. लहान होडीचे काम म्हणूनच सकाळी उरकावे लागते.

खाडीच्या मुखाशी ही दोन घड्याळे एकत्र येतात, आणि तेथेच अपघाताचा संभव अधिक असतो. दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड अशा मुखांपाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते व दुपारचा वारा लाटांना आत ढकलीत असतो. प्रवाह व लाटा समोरासमोर आल्या की लाटेची लांबी घटते, उंची वाढते आणि वाळूच्या उथळ पट्ट्यावर ती फुटते. बाहेर समुद्र शांत असताही मुखात होडी उलटू शकते. जाणता तांडेल अशा वेळी बाहेरच थांबतो आणि भरती लागल्यावर आत शिरतो. ते थांबणे भित्रेपणाचे नव्हे, हे मुलांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे.

मासा कोठे जातो?

एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्याजवळच्या पाण्याचा वरचा थर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पुष्कळसे मासे दिवसा खालच्या थरात किंवा खडकांच्या आडोशास राहतात आणि चरण्यास पहाटे व सायंकाळी वर येतात. पावसाळ्यानंतर ज्या बांगड्याच्या व तारलीच्या झुंडी किनाऱ्यालगत येतात आणि रापण भरून टाकतात, त्या आता विरळ झालेल्या असतात. रापणीचे लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडून त्याची दोन्ही टोके साऱ्या वाडीने वाळूवरून ओढावयाची असतात. झुंड नसेल तर एवढ्या मनुष्यबळाचे श्रम वाया जातात.

या दिवसांत खाड्यांना वेगळे महत्त्व येते. नद्यांचे गोडे पाणी आटते व खारे पाणी दूरवर आत शिरते. त्याबरोबर बोय, कोळंबी, काळुंद्र, खेकडे असे खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातील जीवही आतपर्यंत मिळू लागतात. उथळ पाण्यात उभे राहून पाग फेकणारा माणूस उन्हाळ्यात वरच्या गावांतही दिसतो. वाशिष्ठी नदी मात्र यास काहीशी अपवाद आहे, कारण कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणी तिच्यात भर उन्हाळ्यातही येत असते. शेजारच्या दोन खाड्यांची तुलना करण्यास विद्यार्थ्यांना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उन्हाळ्यात मिळालेली मासळी लवकर नासते. म्हणून ती होडीतच बर्फात ठेवणे आवश्यक असते. परंतु हेच ऊन दुसऱ्या बाजूने उपकारक ठरते. वाळूवर, ओट्यांवर व मांडवांवर सुकट, सोडे, बोंबील, खारवलेला बांगडा वाळू लागतो. आगोटीची ही बेगमी स्त्रियांच्या हातची असते. मे महिन्यात एक वळवाची सर अवेळी आली, तर कुटुंबाचे चार महिन्यांचे कालवण भिजून जाते.

हंगामाचा शेवट

तिसरे घड्याळ ऋतूचे, आणि त्याचाच विसर पडण्याचा धोका सर्वांत मोठा. मेच्या उत्तरार्धात वारा नैर्ऋत्येकडे वळू लागतो. कधी कधी स्थानिक वारा पडलेला असूनही किनाऱ्यावर मोठ्या, संथ लाटा येऊन आदळतात. त्या हजारो किलोमीटर दक्षिणेस, महासागरात झालेल्या वादळी वाऱ्यांनी उत्पन्न केलेल्या असतात. गावात वारा नाही म्हणजे समुद्र निर्धोक आहे, हे अनुमान म्हणूनच चुकीचे ठरते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर जाऊन १७ मे रोजी गुजरातवर आदळले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली व मंडणगड तालुक्यांतही घरे, बागा व होड्या यांची मोठी हानी करून गेले. ही दोन्ही वादळे हंगामाच्या अखेरच्या दिवसांतीलच होत.

नेमक्या याच दिवसांत आणखी एक फेरी करण्याचा मोह होतो. वर्षाचे कर्ज डोक्यावर असते, पुढे दोन महिने मिळकत बंद होणार असते आणि बाजारात भाव चढलेला असतो. तो मोह समजण्यासारखा आहे. परंतु त्याची किंमत दुहेरी असते. एक किंमत जिवाची. दुसरी पुढच्या हंगामाची. तारली, बांगडा यांसारखे अनेक मासे पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात अंडी घालतात. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे व ढवळलेल्या पाण्यामुळे सूक्ष्म वनस्पती-जीवांची वाढ होते आणि पिलांना अन्न मिळते. अंड्यावर आलेली एक मादी पकडली, तर जाळ्यात एक मासा येतो व समुद्रातून हजारो अंडी जातात.

पूर्वी खवळलेला समुद्रच ही विश्रांती देत असे. झापांनी शाकारलेल्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर राहत. यंत्रांमुळे पावसातही जाता येऊ लागल्यावर रूढीला कायद्याची जोड द्यावी लागली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये शासन यांत्रिक नौकांना बंदीचा काळ ठरवून देते. अलीकडच्या वर्षांत तो सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा राहिला आहे. बंदी म्हणजे शिक्षा नव्हे; शेतकरी बियाणे राखून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार होय.

वर्गात काय करावे?

उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी शिक्षकांनी पुढील उपक्रम करून घ्यावेत. फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज तिथी लिहावी व मुलांकडून भरतीची वेळ काढवावी. धक्क्याच्या एखाद्या खांबावर खुणा करून पंधरा दिवस पाण्याची उंची नोंदवावी व तिचा आलेख काढवावा. उधाण व भांग त्यात आपोआप दिसतील. सकाळी व दुपारी वाऱ्याची दिशा टिपावी. गावातील एखाद्या वृद्ध तांडेलास आणि कालवे काढणाऱ्या एखाद्या बाईस वर्गात सन्मानाने बोलवावे व मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. निरीक्षण वरच्या कोरड्या जागेवरून, शिक्षकांच्या देखत करावे. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

असे केल्याने मागच्या रांगेतील मुलाला आपल्या घरचे ज्ञान शाळेत मोलाचे ठरते हे कळेल, आणि पुढच्या रांगेतील मुलाला वहीतील आकृती खाडीतल्या पाण्यात हलताना दिसेल. त्यांच्यापैकी काही जण उद्या होड्या चालवतील. कोणती भरती धरावी हे त्यांना घरी समजेलच. कोणत्या दिवशी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवावी आणि का, हे समजून घेण्याची सवय मात्र शाळेने लावावयाची आहे.