औषध थोडे, परंतु योग्य

रोग्याची शुश्रूषा करणे हे ख्रिस्ती मनुष्याच्या दयाकृत्यांपैकी एक होय. सिराखच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास व औषधाचा अव्हेर न करण्यास शिकवितो. तेव्हा दुखण्यात औषध घेणे हे श्रद्धेच्या उणेपणाचे लक्षण नव्हे. परंतु औषध ही देवाची देणगी आहे असे मानले म्हणजे तिचा विनियोग विवेकाने करणे हेही आपले कर्तव्य ठरते. येथेच आपले पाऊल पुष्कळदा चुकते. औषध महाग तेवढे गुणकारी, गोळ्या अधिक तेवढा उतार लवकर आणि सुई टोचील तोच डॉक्टर हुशार, अशा समजुती आपल्या खेड्यापाड्यांतून खोल रुजल्या आहेत.

विवेकाने औषध घेणे म्हणजे काय, याचा विचार 1985 साली केनियाची राजधानी नैरोबी येथे जागतिक आरोग्य संघटनेने बोलाविलेल्या परिषदेत झाला. रोग्याच्या दुखण्यास जे औषध लागू पडते तेच, त्याच्या प्रकृतीस मानवेल त्या प्रमाणात, आवश्यक तितके दिवस आणि त्याला व समाजाला परवडेल अशा किमान खर्चात मिळावे, असा त्या परिषदेतील व्याख्येचा आशय आहे. या कसोट्या लावल्या तर जगात लिहून दिली जाणारी व विकली जाणारी निम्म्याहून अधिक औषधे अयोग्य ठरतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

श्रीमंत राष्ट्रातही हा अपव्यय वाईटच. परंतु गरीब राष्ट्रात तो प्राणावर बेततो. जेथे औषधाचा पैसा घरच्या धान्यातून काढावा लागतो, तेथे निरुपयोगी बाटलीवर गेलेला रुपया खऱ्या औषधास उरत नाही. हे ओळखून 1977 साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी प्रसिद्ध केली. बाजारात हजारो नावे असली, तरी बहुसंख्य लोकांच्या बहुतेक गरजा सुमारे दोनशे औषधांत भागू शकतात, हे त्या यादीने दाखवून दिले.

ही गोष्ट कृतीत आणण्याचे धैर्य आपल्या शेजारच्या बांगलादेशाने दाखविले. डॉ. जफरुल्ला चौधरी हे इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत होते. 1971 च्या मुक्तिसंग्रामात ते परतले आणि त्रिपुरात जखमींसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. स्वातंत्र्यानंतर 1972 साली ढाक्याजवळील सावर येथे त्यांनी गणस्वास्थ्य केंद्र स्थापन केले. खेड्यातील तरुणींना तेथे आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. पुढे स्वस्त औषधांचा कारखानाही निघाला.

1982 साली बांगलादेश सरकारने नवे औषध धोरण जाहीर केले. ते ठरविणाऱ्या तज्ज्ञ समितीत डॉ. चौधरी होते. अपायकारक अथवा निरुपयोगी म्हणून सुमारे 1,700 औषधे बाजारातून काढण्याचे ठरले. शक्तिवर्धक म्हणून खपणारी टॉनिके, अनेक द्रव्यांची निष्कारण मिश्रणे, इतकेच नव्हे तर घरोघरी तान्ह्या मुलांना पाजले जाणारे ग्राइप वॉटरदेखील त्यांतून सुटले नाही. परदेशी कंपन्यांनी मोठा गहजब केला. बाहेरून दडपणही आले. सरकारने काही तपशील बदलले, परंतु धोरणाचा गाभा सोडला नाही. देशात आवश्यक औषधांचे उत्पादन वाढले व पुष्कळ औषधांच्या किमती उतरल्या. डॉ. चौधरी 2023 साली निवर्तले.

याच सुमारास, 1983 साली, आपल्याकडे वडोदरा येथे 'लोकॉस्ट' नावाचा धर्मादाय न्यास स्थापन झाला. गोरगरिबांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना दर्जेदार व स्वस्त औषधे पुरवावीत, हा त्याचा हेतू. औषधाचे मोल झगझगीत वेष्टणात नसून आतील द्रव्याच्या शुद्धतेत असते, हे अशा कार्याने सिद्ध केले आहे. सरकारनेही 2008 सालापासून जन औषधी केंद्रे उघडली आहेत.

परंतु सरकारने व संस्थांनी कितीही केले, तरी अखेरचा निर्णय घरातच होतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

अशक्तपणा वाटला की 'सलाइन लावा' असा आग्रह धरू नये. 5 टक्के ग्लुकोजच्या 500 मिलिलिटर बाटलीत अवघी 25 ग्रॅम साखर असते. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याला पेजेची वाटी त्याहून अधिक पोषण देईल.

मुलाला जुलाब झाले तर पहिली भीती अंगातील पाणी आटण्याची. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजीत. मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे 30 वरून 4 च्या आत आले. क्षारसंजीवनीची पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडेथोडे पाजीत राहावे. अंगावरचे दूध व खाणे बंद करू नये. विष्ठेत रक्त दिसले, मूल मलूल झाले अथवा पाणीही पोटात ठरेना, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

साध्या सर्दी-पडशावर अँटिबायोटिक औषधांचा काही उपयोग होत नाही, कारण ती विषाणूंवर चालत नाहीत. गरज नसता किंवा अर्धवट घेतली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच या धोक्याचा इशारा दिला होता. ज्या पाकिटावर तांबडी रेघ आहे ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने मध्येच सोडू नये आणि उरलेली गोळी शेजाऱ्यास देऊ नये. तो उपकार नसून अपकार ठरतो.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अवमान नव्हे. हे औषध कशासाठी, किती दिवस, यातले कोणते टाळता येईल, स्वस्त पर्याय आहे काय, हे नम्रपणे विचारावे. ज्या डॉक्टराने तपासून 'औषधाची गरज नाही, विश्रांती घ्या' असे सांगितले, त्याची फी कुरकुर न करता द्यावी. त्याने आपणांस ज्ञान दिले आहे.

औषधांची परिणामकारकता ही एकट्या-दुकट्याची मालमत्ता नव्हे. ती सर्वांची ठेव आहे. आज आपण जे औषध उधळू, ते उद्या कुणा मातेच्या तापाने फणफणलेल्या बाळाला लागू पडणार नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा औषधाच्या कपाटापाशीही पाळावयाची असते.