सुरक्षा-चित्रांची सामाईक सनद

२३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आकाशातच दुभंगले आणि ३२९ माणसे प्राणास मुकली. ज्या बॅगेत स्फोटक दडविलेले होते ती व्हँकुव्हरला स्वीकारली जाऊन, तिचा धनी स्वतः प्रवासाला न निघताच, टोरोंटोमार्गे या विमानाच्या पोटात गेली. आणि टोरोंटोचे क्ष-किरण यंत्र त्याच दिवशी मध्येच बंद पडल्यामुळे उरलेल्या सामानाची तपासणी हातातल्या एका छोट्या उपकरणावर भागविण्यात आली. पुढे २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळून २७० जीव गेले, तेव्हा सामानाच्या अंतरंगात डोकावणारे आणि तेथील स्फोटक आपणहून ओळखणारे यंत्र ही चैन नसून निकडीची गरज आहे, हे राज्यकर्त्यांस पटले.

अमेरिकेत १९९० साली त्या दिशेने कायदा झाला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये ‘इनव्हिजन’ या कंपनीच्या सीटीएक्स ५००० या यंत्रास पहिले सरकारी प्रमाणपत्र मिळाले. त्याची विद्या रुग्णालयातून आलेली होती. १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. त्याच रीतीने हे यंत्र बॅगेभोवती क्ष-किरण फिरवून तिच्या आतील प्रत्येक सूक्ष्म घनभागाची घनता अजमावते, आणि त्या अंकांवरून साबणाची वडी कोणती व घातक द्रव्य कोणते याचा तर्क बांधते. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच नोव्हेंबरात झालेल्या कायद्याने वाहतूक सुरक्षेचे नवे खाते, म्हणजे टीएसए, निर्माण केले, आणि ३१ डिसेंबर २००२ पर्यंत विमानात चढणारी प्रत्येक बॅग स्फोटकशोधक व्यवस्थेतून गेली पाहिजे अशी मुदत घातली. यंत्रे घाईने विकत घेतली गेली. ती निरनिराळ्या कारखानदारांची होती, आणि प्रत्येकाने आपले चित्र आपल्याच खासगी सांकेतिक रचनेत साठविले होते.

येथेच खरा पेच होता. पूर्वी गावोगावची पायली निराळी असल्यामुळे एका पेठेतील धान्याचा हिशेब दुसऱ्या पेठेत लागत नसे, तशीच या चित्रांची गत झाली. एका कंपनीच्या यंत्रावर उमटलेले चित्र दुसरीच्या पडद्यावर उघडेना. विद्यापीठातील एखाद्या गणितज्ञाने स्फोटक ओळखण्याची अधिक सरस रीत शोधली तरी ती आजमावून पाहण्यास त्याला चित्रे मिळेनात. आणि सरकारला तीच यंत्रे अधिक चतुर करावयाची झाली की ज्याने यंत्र विकले त्याच्याच दारी पुन्हा जावे लागे. पाहणारा डोळा आणि निवाडा करणारी बुद्धी या दोन्ही एकाच दुकानात गहाण पडल्या होत्या.

रुग्णालयांनी हा पेच आधीच सोडविलेला होता. १९८३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची व्यावसायिक संस्था आणि विद्युत्-उपकरणे बनविणाऱ्या कारखानदारांची ‘नेमा’ ही १९२६ पासूनची संघटना यांनी संयुक्त समिती नेमली. १९८५ मध्ये पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, १९८८ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि १९९३ मध्ये ‘डायकॉम’ या नावाने तो जाळ्यावर चालणारा परिपूर्ण संकेत बनला. आज पुण्यातील रुग्णाचे छेदचित्र मुंबईतील डॉक्टर आपल्या पडद्यावर निःशंकपणे उघडतो, तो याच कराराच्या बळावर. त्याच ‘नेमा’ने अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या साहाय्याने सुरक्षा-तपासणीसाठी हीच चौकट बेतली, आणि २०१० साली तिची पहिली आवृत्ती ‘डायकॉस’ या नावाने प्रसिद्ध केली.

चौकट तीच, तपशील मात्र बदलले. रुग्णाच्या जागी ‘तपासणीची वस्तू’ आली, मग ती बॅग असो, पेटी असो वा मनुष्य. प्रत्येक माहितीला अंकांची निशाणी, तिचा प्रकार, तिची लांबी आणि मग तिचे मूल्य, ही डायकॉमची शिस्त येथेही पाळली जाते. संशयित वस्तूची घनता, तिचे वस्तुमान, तिचा परिणामी अणुक्रमांक, इतकेच काय प्रवाशाच्या प्रवेशपत्राचा क्रमांक, यांना ४०१० या गटातील निशाण्या दिलेल्या आहेत. वैद्यकीय कोशातही त्या गटाची नोंद ठेवलेली आहे, जेणेकरून दोन्ही शाखांची भाषा परस्परांस छेद देणार नाही. छेदचित्रे, साधी क्ष-किरण चित्रे आणि प्रवाशांच्या देहतपासणी-यंत्रांची चित्रे, अशा निरनिराळ्या जातींना तेथे स्वतंत्र स्थान आहे.

माझ्या मते या सनदेतील सर्वांत दूरदर्शी तजवीज म्हणजे धोक्याचा अहवाल चित्रापासून वेगळा ठेवणे ही होय. चित्र हा एक दस्तऐवज, आणि त्यावरचा निवाडा हा दुसरा. बॅगेत कोणता भाग संशयास्पद, तो नेमका कोठे व केवढा, आणि निर्णय इशाऱ्याचा, मोकळीकीचा की अनिश्चित, हे सारे त्या दुसऱ्या दस्तऐवजात येते. तो अहवाल यंत्राचा असू शकतो, पडद्यासमोर बसलेल्या तपासनिसाचा असू शकतो, किंवा बॅगेत वस्तुतः काय होते याची सत्यस्थिती नोंदविणारा तिसऱ्या प्रकारचाही असू शकतो. एकाच चित्राखाली हे तिन्ही ठेवता येतात, म्हणून यंत्र कोठे चुकले आणि माणूस कोठे चुकला याचा पडताळा घेता येतो. ज्या कामात एकही चूक शेकडोंच्या जिवावर बेतते, त्यात असा पडताळा घेण्याची सोय असणे हीच मोठी मिळकत आहे.

तरीही सनद लिहिल्याने मामला संपला असे नव्हे. यंत्रातील शोधकांकडून येणारे मूळ मोजमाप आणि त्यापासून चित्र घडविण्याची कृती कारखानदार आपल्यापाशीच राखू इच्छितात. दोन यंत्रांची चित्रे एकाच रचनेत आली तरी त्यांतील अंक तंतोतंत जुळतात असे नाही, आणि एकावर घडविलेली रीत दुसऱ्यावर डळमळू शकते. शिवाय अटलांटिक सिटीजवळील सरकारी प्रयोगशाळेत यंत्र आणि त्याची ओळखण्याची रीत यांची परीक्षा एकत्रच होते. उद्या रीत तिसऱ्याची असली तर चुकीची जबाबदारी कोणाच्या शिरावर, हा प्रश्न अभियंत्यांइतकाच करारनामे लिहिणाऱ्यांचाही आहे. संकेत उघडा केला तर शत्रूला वाट सापडेल, अशी शंकाही घेतली जाते. पण ती रास्त नाही, कारण डायकॉस चित्र कसे लिहावे एवढेच सांगते, आणि कोणते द्रव्य किती प्रमाणात पकडावयाचे हे गुपित सरकारच्या कुलपातच राहते.

आपल्या देशात विमानतळ वाढत आहेत, आणि एकदा विकत घेतलेले यंत्र वर्षानुवर्षे वापरात राहते. म्हणून यंत्रखरेदीचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत त्यांस माझी कळकळीची विनंती अशी, की प्रत्येक निविदेत दोन अटी नि:संदिग्ध शब्दांत घालाव्यात : यंत्राने आपले चित्र व धोक्याचा अहवाल सामाईक संकेतात बाहेर दिला पाहिजे, आणि त्या चित्रांवर आपल्या संस्थांनी घडविलेली रीत बसविण्याचा हक्क खरेदीदाराकडे राहिला पाहिजे. या अटी खरेदीच्या वेळीच मागाव्या लागतील. करारावर सही झाल्यानंतर त्या मिळविण्याचा मार्ग फार महाग पडतो.