जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर

जानेवारीत मुंबई-कोलकाता विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं, तर त्यावरच्या वेळा जरा निरखून पाहा. जायला साधारण अडीच-पावणेतीन तास, यायला जवळपास तीन. विमानतळ तेच, अंतर तेच, सुमारे १,६६० किलोमीटर. घड्याळंही दोन्हीकडे एकच. मग ही वीस-पंचवीस मिनिटं जातात कुठे?

वाऱ्यात. विमानाचा वेग मोजायचा तो भोवतालच्या हवेच्या मानाने, आणि हवा स्वतःच चालू लागली की हिशेब बदलतो. खाडीतल्या होडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही, भरतीबरोबर जाणं आणि भरतीविरुद्ध वल्हवणं यातला फरक त्याच्या खांद्यांना ठाऊक असतो. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर उत्तर आणि मध्य भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. समजा, विमानाचा वेग ताशी ८३० आणि वारा ताशी १०० किलोमीटर. चढ-उतार सोडून वरचा १,३०० किलोमीटरचा टप्पा धरला, तर जाताना ८४ मिनिटं लागतात, येताना १०७.

गंमत पुढेच आहे. जाताना मिळालं ते येताना दिलं, फिट्टंफाट झाली, असं वाटतं. पण वारा नसता तर दोन्ही वेळचे मिळून १८८ मिनिटं झाली असती, इथे होतात १९१. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा फायद्याहून जास्त. वारा हा सावकारच म्हणायचा.

उंचावरच्या या वेगवान झोताला जेट प्रवाह म्हणतात. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून तो मोजला. पण अहवाल छापला एस्पेरांतो भाषेत, जगाने वाचावा म्हणून! जगाने तो वाचलाच नाही.

पावसाळ्यात मात्र पारडं फिरतं. तिबेटचं पठार तापतं, वरच्या थरांत उत्तरेची हवा दक्षिणेपेक्षा उबदार होते, पश्चिमी झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि आपल्या डोक्यावर पूर्वेकडून वारे सुरू होतात. या पूर्व जेट प्रवाहाचं वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली केलं. त्याचा गाभा दक्षिणेला आणि विमानांच्या वाटेहून उंच असतो, त्यामुळे या मार्गावर हिवाळ्याइतका फरक पडत नाही. तरी जुलैत कोलकात्याहून परतणाऱ्याला थोडा हात मिळतो.

खिडकीजवळ बसला असाल तर मोबाइल काचेशी धरून पाहा. फ्लाइट मोडवरही जीपीएस चालतं, आणि नागपूरच्या आसपास जमिनीवरचा खरा वेग दिसतो. हो, जवळपास निम्मी वाट महाराष्ट्रावरूनच जाते.

उतरताना मात्र वैमानिकाला समोरचाच वारा हवा असतो, त्याने धावपट्टी कमी लागते. मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमान बहुधा घाटकोपरच्या छपरांवरून पश्चिमेला तोंड करून टेकतं. उड्डाणालाही तोच नियम. कोलकात्याला निघालेलं विमान आधी जुहूच्या समुद्रावर जातं, तिथे वळसा घेतं आणि मग पूर्वेची वाट धरतं.